जुन्या बॉक्स्टरला स्कॅनर लावल्यावर नेमकं काय बघायचं

प्रश्न असा आहे. १९९९ची पोर्श बॉक्स्टर, २.५ लिटर, मॅन्युअल गिअर, ८७,००० मैल. चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर आणला. त्यावर पी०३००, पी११२८ आणि पी११३० असे तीन कोड दिसले. खुलाशात 'ऑक्सिजन सेन्सिंग' असे शब्द होते, म्हणून पुढचे दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बदलले आणि कोड पुसून टाकले. चार दिवसांनी तिन्ही परत आले. आता एअर मास सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर, मागवावा का? आणि स्मॉग टेस्ट, म्हणजे कॅलिफोर्नियातली प्रदूषण तपासणी, तीन आठवड्यांवर आली आहे, त्याचं काय? स्कॅनरच्या पडद्याचा फोटो सोबत आहे.

एअर मास सेन्सर मागवू नका. निदान आज तरी नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोतच अर्धं उत्तर आहे आणि उरलेलं अर्धं त्याच स्कॅनरमधून वीस मिनिटांत मिळेल. मी कॅलिफोर्नियात सान होजेजवळ जुन्या जर्मन गाड्यांचं काम करतो, २२ वर्षं झाली. या तीन कोडांचं त्रिकूट घेऊन आलेल्या बॉक्स्टर मी इतक्या पाहिल्या आहेत, की कोड ऐकल्यावर माझा हात आधी मागच्या डिकीतल्या ऑइलच्या झाकणाकडे जातो. पण तसं का, हे तुम्हाला कळलं पाहिजे, कारण पुढच्या वेळी कोड वेगळे असतील.

कोड म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, पोर्शच्या भाषेत डीएमईने, नोंदवलेली तक्रार असते. पी११२८ आणि पी११३० सांगतात की दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांसाठी पेट्रोलच्या मात्रेत जी सुधारणा करावी लागते आहे, ती ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर गेली. पी०३०० सांगतो की इंजिन मिस मारतंय, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल मधूनमधून पेटत नाही, पण कोणता एक सिलिंडर ते ठरत नाही. यात 'सेन्सर खराब' असं कुठेही म्हटलेलं नाही. ऑक्सिजन सेन्सरने सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात जास्त ऑक्सिजन पाहिला आणि प्रामाणिकपणे कळवलं. त्यालाच तुम्ही घराबाहेर काढलं. नव्याने आलेल्या सेन्सरनेही चार दिवसांत तेच सांगितलं. आता दोन वेगवेगळ्या सेन्सरांच्या जोड्या एकच गोष्ट सांगताहेत म्हटल्यावर ती खरी धरायला हरकत नाही. म्हणजे सेन्सरवर गेलेले पैसे अगदीच वाया गेले असं समजू नका, एक शंका कायमची मिटली.

आता फोटो. कोडच्या खाली 'फ्रीझ फ्रेम' नावाचं एक पान असतं. कोड पक्का झाला त्या क्षणी गाडी काय करत होती, याचा तो ठसा असतो. बरेच जण ते पान उघडतच नाहीत. तुमच्या फोटोत इंजिनचे मिनिटाला फेरे ७६०, वेग शून्य, पाण्याचं टेंपरेचर ९३ सेल्सिअस. म्हणजे गाडी पूर्ण तापलेली, उभी, आयडलिंगवर. सिग्नलला थांबलेली असणार. हायवेवर जोरात पळताना, चढ चढताना किंवा सकाळी थंड असताना हा कोड आला असता, तर मी अगदी वेगळ्या दिशेला गेलो असतो. एवढ्यासाठीच माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो की कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा. पुसलं की ते पान गेलं, सोबत डीएमईने शिकून ठेवलेल्या सुधारणा गेल्या आणि डीएमई स्वतःच घेतो त्या, स्मॉगसाठी लागणाऱ्या आतल्या चाचण्यांचे निकालही गेले.

पुढची पायरी फ्युएल ट्रिमची, म्हणजे पेट्रोलच्या मात्रेत डीएमई करत असलेल्या दुरुस्तीची. स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये चार आकडे शोधा: शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, बँक एकचे दोन आणि बँक दोनचे दोन. बँक म्हणजे इंजिनची एक बाजू. शॉर्ट टर्म म्हणजे या घटकेला चाललेली दुरुस्ती, तो आकडा सतत नाचत असतो. लाँग टर्म म्हणजे बऱ्याच दिवसांत अंगवळणी पडलेली दुरुस्ती, तो सावकाश हलतो. दोन्हींची बेरीज करा. अधिक चिन्ह म्हणजे डीएमई जादा पेट्रोल घालतोय, कारण त्याला मिश्रण लीन, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, असं दिसतंय. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत बेरीज दहा टक्क्यांच्या आत असेल तर मी समाधानी असतो.

गाडी पूर्ण तापू द्या. एसी बंद, दिवे बंद. आयडलिंगला दोन मिनिटं आकडे बघा आणि कागदावर लिहा. मग कुणाला तरी ॲक्सिलरेटर दाबून २,५०० फेऱ्यांवर स्थिर धरायला सांगा, एक मिनिट थांबा, पुन्हा लिहा. माझा अंदाज आहे की आयडलिंगला दोन्ही बाजू १५-२० टक्क्यांच्या वर असतील आणि २,५०० वर चार-पाचपर्यंत उतरतील.

असं का होतं ते साध्या हिशोबात पाहू. या इंजिनात तापलेल्या आयडलिंगला दर सेकंदाला साधारण ३ ग्रॅम हवा एअर मास सेन्सरमधून आत जाते. समजा कुठल्यातरी फटीतून अर्धा ग्रॅम हवा सेन्सरला चुकवून आत शिरली. सेन्सरने ३ मोजले, इंजिनात गेली साडेतीन, म्हणजे जवळपास १७ टक्के जादा पेट्रोल लागणार. आता रेस केली आणि हवा १२ ग्रॅमवर गेली. फट तेवढीच, गळती तेवढीच. अर्धा ग्रॅम म्हणजे आता फक्त चार टक्के. शिवाय रस्त्यावर वजन पडून थ्रॉटल मोठा उघडला की इनटेकमधला, म्हणजे हवा आत येण्याच्या मार्गातला, व्हॅक्यूम कमी होतो, त्यामुळे गळती आणखीच घटते. आयडलिंगला वाईट आणि वर चांगलं असं दिसलं की इंजिन कुठूनतरी एअर घेतंय, हे मी जवळजवळ डोळे मिटून सांगतो. आणि आयडलिंगला इतकं लीन मिश्रण असलं की काही वेळा ठिणगी पडूनही ते पेटत नाही. तुमचा पी०३०० तिथून आलेला असणार. दोन आजार नाहीत, एकच आहे.

उलटा नमुना दिसला, म्हणजे आयडलिंगला सगळं ठीक आणि वजन पडलं की, चढावर, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की ट्रिम वर चढतात, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा एअर मास सेन्सर खरी हवा कमी मोजतोय. तेव्हा पंप, फिल्टर आणि तुम्हाला मागवायचा असलेला तो सेन्सर, यांची पाळी. तेल लावलेले कापडी एअर फिल्टर बसवलेल्या गाड्यांत त्या सेन्सरच्या पातळ फिल्मवर तेलाचा थर बसलेला मी अनेकदा पाहिला आहे. अशा वेळी सेन्सरसाठीच मिळणाऱ्या स्प्रेने तो धुवून बघा, मग खरेदी. आणि एकाच बँकेचा आकडा बिघडलेला असेल, दुसरी बाजू सरळ असेल, तर दोन्ही बाजूंना सामाईक असलेल्या सगळ्या वस्तू यादीतून गळतात. एअर मास सेन्सर एकच आहे, तो एका बाजूला खोटं आणि दुसऱ्या बाजूला खरं बोलणार नाही. त्या बाजूचा इंजेक्टर, इनटेकचं गॅस्केट, एक्झॉस्टची सेन्सरच्या आधीची गळती, एवढंच उरतं.

हे आकडे घेताना तुमचा स्कॅनर फार हळू वाटेल, त्याचं कारण माहीत असू द्या. १९९९च्या पोर्शमध्ये स्कॅनरशी बोलायला कॅन, म्हणजे नव्या गाड्यांतलं वेगवान नेटवर्क, नाही. स्कॅनर आणि डीएमई एकाच तारेवर बोलतात, तिला के-लाइन म्हणतात, सोळा पिनांच्या सॉकेटमधली सात नंबरची पिन. वेग सेकंदाला १०,४०० बिट. तुम्ही पडद्यावर पंधरा आकडे एकदम मागितले तर एकेक आकडा काही सेकंदांनी बदलतो आणि जे घडलं ते मधल्या मध्ये निसटून जातं. एका वेळी तीन, फार तर चार निवडा. आधी ट्रिम, मग फेरे आणि एअर मास, मग टेंपरेचर, असे गट करून घ्या. नव्या गाड्यांवर हात बसलेले मेकॅनिकसुद्धा इथे गडबडतात आणि 'सेन्सर अडकलाय' म्हणतात. अडकलेली असते ती वाट.

याच के-लाइनमुळे फोनला जोडायचे अगदी स्वस्त ब्लूटूथ डोंगल जुन्या गाड्यांत दगा देतात. बाहेर छाप एक, आत चिप दुसरी, आणि जुना प्रोटोकॉल अर्धवट. अमेरिकेत १९९६पासूनच्या सगळ्या कारना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवून स्कॅनरला सांगायची ठरलेली पद्धत, सक्तीचं आहे, पण कॅन सक्तीचं झालं २००८ला. मधल्या बारा वर्षांच्या गाड्या घेऊन डोंगलची परीक्षा बघा, नव्या गाडीवर चालतं म्हणजे चालतं असं नाही. युरोपात पेट्रोल गाड्यांना हा नियम २००१ला आला, त्यामुळे तिथल्या जुन्या गाडीत सॉकेट दिसला तरी साधा स्कॅनर त्यात काही वाचेलच असं नाही. पुण्या-मुंबईहून मला आयात केलेल्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांबद्दल विचारणा होते, त्यांना पहिला प्रश्न हाच विचारतो, की गाडी मुळात कोणत्या बाजारासाठी बनली होती. भारतात ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० आणि दुसरा एप्रिल २०१३, तेव्हा त्याआधीच्या गाडीकडून फार अपेक्षा ठेवून चालत नाही.

तुमचा साधा स्कॅनर या कामाला पुरेसा आहे. पण ही गाडी ठेवायची असेल तर पोर्शची भाषा येणारं एक साधन घ्या. मी लॅपटॉपवर चालणारं ड्युरामेट्रिक वापरतो. साधा स्कॅनर फक्त प्रदूषणाशी संबंधित, कायद्याने उघडी ठेवलेली माहिती वाचतो. एअरबॅग, एबीएस, अलार्म, इमोबिलायझर, कॅमशाफ्टचे अंश हे त्याला दिसत नाही.

आता हाताचं काम. स्कॅनरने दिशा दिली, फट शोधायची ती आपणच. मागची डिकी उघडा, ऑइल भरायचं झाकण तिथे आहे. इंजिन तापलेलं, आयडलिंगवर. स्कॅनरवर शॉर्ट टर्म ट्रिम लावून ठेवा आणि झाकण हळूच उचला. निरोगी इंजिनात झाकणाखाली हलकी ओढ जाणवते, आणि झाकण काढलं की आयडलिंग अडखळतं, कारण तुम्ही स्वतःच हवेला नवी वाट दिली. तीन शक्यता आहेत. झाकण काढून काहीच फरक पडला नाही, तर हवा आधीच दुसरीकडून शिरते आहे. झाकण ओढून काढावं लागलं, शिट्टीसारखा आवाज आला, तर एअर ऑइल सेपरेटरचा, म्हणजे इंजिनातल्या हवेतून तेल वेगळं करणाऱ्या भागाचा, पडदा फाटलाय आणि इनटेकचा सगळा जोर क्रँककेसवर, म्हणजे इंजिनच्या तेलाच्या पोकळीवर, येतोय. तसं असेल तर सकाळी स्टार्ट करताना पांढऱ्या धुराचा ढग निघाल्याचंही तुम्हाला आठवेल. तिसरी शक्यता, सगळं नेहमीसारखं वाटलं, तर गळती इनटेकच्याच पाइपात शोधायची. अंदाजावर राहायचं नसेल तर झाकणाच्या जागी मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं साधन, लावा. माझ्या अनुभवात चांगल्या इंजिनात ओढ पाच इंच पाण्याच्या आसपास असते.

तुमच्या वयाच्या गाडीत माझा पहिला संशय ऑइल भरायच्या नळीवर. झाकणापासून खाली इंजिनपर्यंत जाणारी ती प्लॅस्टिकची चुणीदार नळी उष्णतेने कडक होते आणि चुण्यांच्या खोबणीत तडकते. तिच्यातून तेल सांडत नाही, म्हणून कुणी बघत नाही. पण क्रँककेसमधली हवा सेपरेटरमधून इनटेकमध्ये ओढली जाते, त्यामुळे नळीतून शिरलेली हवा एअर मास सेन्सरला न भेटता थेट सिलिंडरमध्ये पोचते. सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाईकाच्या गाडीला मी दोन ऑक्सिजन सेन्सर आणि एक एअर मास सेन्सर बसवले होते. शेवटी सापडली ती तांदळाच्या दाण्याएवढी चीर, त्याच नळीवर, मागच्या बाजूला, जिथे आरशाशिवाय दिसत नाही. त्या माणसाला सेन्सरांचे पैसे परत केले. त्या दिवसापासून ट्रिमचे आकडे लिहिल्याशिवाय मी एकही भाग मागवलेला नाही.

चीर डोळ्यांनी दिसली नाही तर स्मोक टेस्ट करून घ्या. एक पीएसआयच्या आतल्या दाबाने इनटेकमध्ये धूर सोडतात आणि तो जिथून निघेल ती फट. कुठल्याही बऱ्या गॅरेजात अर्ध्या तासाचं काम आहे. ब्रेक क्लीनर किंवा कार्ब्युरेटर क्लीनर फवारून गळती शोधायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. बॉक्स्टरमध्ये ते करू नका. इंजिन सीटांच्या मागे कोंडलेलं आहे, वरून हात घालायचा तर छत सर्व्हिस पोझिशनला नेऊन गालिचा आणि पत्रा काढावा लागतो, आणि खाली तापलेले एक्झॉस्ट. तिथे पेटलं तर विझवायला जागा नाही.

पी०३०० एकटा आला असता, ट्रिम सरळ असताना, तर मी कॉइलकडे, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या भागाकडे, गेलो असतो. या गाड्यांच्या कॉइल प्रत्येक प्लगवर स्वतंत्र बसतात आणि त्यांच्या आवरणाला बारीक भेगा पडतात. दमट हवेत, पावसात, गाडी धुतल्यावर मिस मारते आणि कोरडी झाली की शहाण्यासारखी चालते. त्याची चाचणी फुकट आहे. समजा पी०३०३ आलाय, म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर मिस मारतोय. तीन नंबरची कॉइल पाचवर आणि पाचची तीनवर लावा, कोड पुसा, चालवा. पी०३०५ आला तर कॉइल दोषी. पी०३०३च राहिला तर प्लग बदलून बघा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. एक गोष्ट मात्र वेगळी सांगतो. चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला असेल तर घरी जाता येतं. तो लुकलुकायला लागला तर गाडी बाजूला घ्या, कारण न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय आणि तो काही मिनिटांत निकामी होऊ शकतो.

स्कॅनर फक्त दिवा लागल्यावर लावायची वस्तू आहे, असं समजू नका. माझ्या मते जुन्या स्पोर्ट्स गाडीत त्याचा खरा उपयोग दिवा लागलेला नसताना होतो.

टेंपरेचरचंच घ्या. डॅशबोर्डवरची सुई फार ढोबळ आहे आणि मधल्या मोठ्या पट्ट्यात ती जागची हलत नाही. तुमच्या इंजिनाचा थर्मोस्टॅट ८६ सेल्सिअसला उघडायला लागतो. स्कॅनरवर हायवेला नव्वदच्या आगेमागे आणि ट्रॅफिकमध्ये थोडं वर, असं दिसलं पाहिजे. ट्रॅफिकमध्ये आकडा १०५च्या पुढे रेंगाळत असेल, तर पुढच्या बंपरमधल्या दोन्ही रेडिएटरांसमोर पानं साचलेली आहेत का बघा. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत मी मूठ-मूठ पाला काढलाय, काही गाड्यांत वीस वर्षांचा. दुसरं कारण म्हणजे पंख्याचा कमी वेगाचा रेझिस्टर जळलेला असतो. पंखा फक्त पूर्ण वेगाला, फार उशिरा लागतो. दोन्हीचा कोड येत नाही, आणि ॲल्युमिनियमचं इंजिन ते मुकाट्याने सोसत राहतं.

गरम झाल्यावर गाडी बंद केली आणि परत स्टार्टच होत नाही, अर्ध्या तासाने होते, ही दुसरी नेहमीची तक्रार. लोक पेट्रोल पंप बदलतात. त्याऐवजी स्कॅनरवर फेऱ्यांचा आकडा लावा आणि स्टार्टर फिरवा. इंजिन फिरतंय, तरी पडद्यावर शून्य? म्हणजे क्रँकशाफ्टचा सेन्सर गरम होऊन आंधळा झालाय. डीएमईच्या दृष्टीने इंजिन थांबलेलंच आहे, त्यामुळे तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही. दोनशे-अडीचशे फेरे दिसत असतील तर सेन्सर ठीक आहे, पुढे चला. गाडी बिघडलेल्या अवस्थेत असतानाच ही चाचणी करावी लागते, म्हणून स्कॅनर गॅरेजच्या कपाटात नको, गाडीत ठेवा.

पोर्शच्या साधनाने दोन्ही बँकांच्या कॅमशाफ्टचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं, ठरलेल्या जागेपासूनचं विचलन अंशांत वाचता येतं. सहा अंशांच्या आत हवं. मी वर्षातून एकदा तो आकडा वहीत टाकतो. आकडा स्थिर आहे की सरकतोय, हे महत्त्वाचं. कॅमशाफ्टची साखळी ताणून धरणाऱ्या टेन्शनरचे प्लॅस्टिकचे पॅड झिजले की तो हळूहळू सरकतो, आणि आवाज यायच्या कितीतरी आधी. मात्र इंटरमिजिएट शाफ्टच्या, म्हणजे क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टकडे नेणाऱ्या मधल्या दांड्याच्या, बेअरिंगबद्दल, ज्याची तुम्हाला सगळ्यांनी भीती घातली असेल, स्कॅनर काहीही सांगू शकत नाही. त्यासाठी प्रत्येक ऑइल बदलाला फिल्टर कापून त्याच्या घड्यांत धातूचे कण बघायचे. १९९९च्या इंजिनात सहसा दुहेरी ओळीचं बेअरिंग असतं, ते नंतरच्या एकेरीपेक्षा मजबूत आहे. रात्रीची झोप घालवू नका.

आणि बॅटरी. एकाच वेळी एअरबॅग, एबीएस, अलार्म सगळीकडून असंबद्ध कोड आले तर आधी मीटर लावा. बंद गाडीत १२.६ व्होल्ट, चालू गाडीत साडेतेरा ते साडेचौदा. त्याखाली असेल तर एकाही कोडवर विश्वास ठेवायचा नाही. तसंच, बॉक्स्टरच्या ड्रायव्हरच्या सीटखाली अलार्म आणि इमोबिलायझरची पेटी आहे. कापडी छताच्या नाल्या पाल्याने तुंबल्या की पावसाचं पाणी आत उतरतं आणि त्या पेटीपर्यंत पोचतं. किल्ली ओळखली जात नाही, दारं आपोआप लॉक होतात, गाडी स्टार्ट होत नाही. स्कॅनर लावायच्या आधी गालिचा दाबून बघा. ओला असेल तर निदान झालं, आणि बॅटरी लगेच काढा, भिजलेल्या पेटीत वीज सोडू नका.

तुमच्या मित्राच्या १९९१च्या ९११बद्दलही विचारलं आहे. ती ९६४ पिढीची गाडी. तिला सोळा पिनांचा सॉकेटच नाही, एकोणीस पिनांचा गोल कनेक्टर आहे आणि त्याला जुन्या काळचं साधन किंवा त्यासाठी खास बनवलेली केबल लागते. पण अमेरिकी गाड्यांत, जिथे चेक इंजिनचा दिवा बसवलेला आहे तिथे, किल्ली ऑन करून इंजिन न चालवता ॲक्सिलरेटर तळाशी चार-पाच सेकंद दाबून ठेवला की दिवा लुकलुकून कोड सांगतो. त्याच काळातल्या माझदा मियाटात निदानाच्या डबीत दोन टोकं तारेने जोडतात, तेव्हाच्या कॉर्व्हेटमध्येही तसंच. या गाड्यांचे कोड थोडे आणि मोघम असतात. तिथे मल्टिमीटर, व्हॅक्यूम गेज आणि पेट्रोलच्या दाबाचा गेज यांनाच लाइव्ह डेटा समजायचं. काम जास्त आहे, पण विचार तोच.

पुढची स्पोर्ट्स गाडी घ्यायला जाल तेव्हा लॅपटॉप घेऊन जा. ९९६ पिढीच्या ९११ आणि २०००च्या पुढच्या बॉक्स्टरच्या डीएमईमध्ये इंजिन मर्यादेपेक्षा जास्त किती वेळा फिरलं याची नोंद असते. पहिला प्रकार लिमिटरला, म्हणजे फेरे ठरल्या मर्यादेत रोखणाऱ्या व्यवस्थेला, टेकल्याचा, तो मी फार मनावर घेत नाही. दुसरा प्रकार चुकून खालचा गिअर पडून इंजिन बळजबरीने फिरल्याचा. तिथला प्रत्येक आकडा म्हणजे एक ठिणगी. ७,५०० फेऱ्यांवर सहा सिलिंडरांच्या इंजिनात सेकंदाला ३७५ ठिणग्या पडतात, त्यामुळे शंभरचा आकडा पाहून घाबरू नका, ते पाव सेकंदाचं काम आहे. ती घटना कितव्या तासाला घडली तेही लिहिलेलं असतं. त्यानंतर इंजिन हजार तास चाललं असेल तर ते सावरलं म्हणायचं, गेल्या पाच तासांत घडलं असेल तर मी गाडी सोडून देतो. आणि एकूण तास मैलांशी ताडून पाहा. मीटरवर ४५,००० मैल आणि डीएमईत ३,००० तास, म्हणजे सरासरी ताशी १५ मैल. स्पोर्ट्स गाडी इतकी रांगत चालली, यावर माझा विश्वास बसत नाही.

आता स्मॉग. कॅलिफोर्नियात तुमच्या १९९९च्या गाडीची सायलेन्सरमधून धुराची तपासणीही होते आणि ओबीडीचीही. ओबीडीत आतल्या चाचण्यांपैकी एकच अपूर्ण चालते. तुम्ही नुकतेच कोड पुसलेत, म्हणजे बहुतेक सगळ्या अपूर्ण असतील. त्यामुळे क्रम असा ठेवा: या शनिवारी ट्रिमचे आकडे लिहा, झाकणाची चाचणी करा, लागलं तर सोमवारी स्मोक टेस्ट. भाग बदलल्यावर कोड एकदाच पुसा आणि मग त्या बटणाला हात लावू नका. टाकी अर्धी ठेवा, कारण टाकी फार भरलेली किंवा फार रिकामी असेल तर पेट्रोलच्या वाफेची चाचणी सुरूच होत नाही. रात्रभर थंड झालेली गाडी सकाळी स्टार्ट करून दोन-तीन मिनिटं आयडलिंगला ठेवा, मग हायवेवर ५५ मैलांच्या आसपास वीस मिनिटं एकसारखी चालवा, मग शहरात. असं चार-पाच दिवस.

रोज संध्याकाळी तापलेल्या आयडलिंगला लाँग टर्म ट्रिम बघा आणि लिहा. पुसल्यावर तो शून्यापासून सुरू होतो. फट खरोखर बुजली असेल तर आठवडाभराने दोन्ही बाजू पाच टक्क्यांच्या आतच घुटमळतील आणि दिवा लागायची वाट बघायची गरज नाही. तिसऱ्या दिवशीच आकडा आठ, मग अकरा असा चढताना दिसला, तर स्मॉगला जाऊ नका, अजून एक फट शिल्लक आहे. त्या वेळी मला चारही आकडे, आयडलिंगचे आणि २,५००चे, तारखांसकट पाठवा. सोबत ऑइलच्या नळीच्या मागच्या बाजूचा आरशातून काढलेला फोटोही.